गोरोबाकाकांचं थापटणं

चिखल तुडवणाऱ्या कुंभाराचं पाऊल जवळून पाहिलं की कळतं, काम पायाचं दिसत असलं तरी ते सगळ्या अंगानं करावं लागतं. टाच रुतते, बोटं फाकतात, आणि पाऊल उपसताना माती ते सहज सोडत नाही. पोटरी ताणली जाते, कंबर एका बाजूला कलते. मातीत कालवलेली राख आणि लीद हळूहळू एकजीव होत जाते. तळव्याखाली खडा आला तर तो डोळ्यांच्या आधी पायाला कळतो. या कामाला एक लय असते. त्या लयीत नाम सहज मिसळतं, आणि एकदा मिसळलं की भान सुटतं.

तेराव्या शतकात तेर गावी कुंभार संत गोरोबाकाकांचं असंच भान सुटलं आणि रांगत आलेलं त्यांचं तान्हं मूल त्यांच्याच पायांखाली तुडवलं गेलं, अशी कथा आहे. तेर म्हणजे तेरणेच्या काठचं प्राचीन तगर. रोमशी व्यापार करणारं, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलं गेलेलं हे नगर आज धाराशिव जिल्ह्यातलं एक गाव आहे. गावात गोरोबाकाकांचं मंदिर आहे, विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे आणि उत्खननात सापडलेल्या वस्तूंनी भरलेलं लामतुरे संग्रहालय आहे.

सिनेमावाल्यांना या कथेनं पुन्हापुन्हा ओढून घेतलं. १९४८ साली तमिळमध्ये ‘चक्रधारी’ आला, त्यात व्ही. नागय्या गोरोबा झाले. १९७४ साली कन्नडमध्ये राजकुमार यांचा ‘भक्त कुंबार’ आला. १९७७ साली तेलुगूत पुन्हा ‘चक्रधारी’, या वेळी अक्किनेनी नागेश्वर राव. तेरचा कुंभार दक्षिणेतल्या तीन भाषांमध्ये घरचा झाला. उमरग्याच्या सीमेवर कानडी आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येतात, त्यामुळे तिथल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही.

या तिन्ही नटांना चिखलात उतरावं लागलं. मूल तुडवलं जाण्याचा प्रसंग खरा नसतो, हे सांगायला नको. रांगणारं मूल वेगळं टिपायचं, तुडवणारे पाय वेगळे टिपायचे, मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा तिसऱ्यांदा टिपायचा आणि संकलनाच्या टेबलावर तिन्ही तुकडे जोडायचे. मृत्यू घडतो तो प्रेक्षकाच्या मनात. पण पाय खरे, चिखल खरा आणि दमलेल्या नटाचा श्वासही खरा.

आता हाच प्रसंग एकही पाऊल न भिजवता बनवता येतो. संगणकापुढे बसून चार ओळी लिहायच्या: मध्ययुगीन मराठी कुंभार, मिटलेले डोळे, पायांखाली चिखल, संध्याकाळचा उजेड. काही मिनिटांत चित्रफीत तयार. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआय कंपनीनं ‘सोरा’चे पहिले नमुने दाखवले, तेव्हा अमेरिकी निर्माता टायलर पेरीनं अटलांटातल्या आपल्या स्टुडिओचा ८० कोटी डॉलरचा विस्तार थांबवला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात गूगलचं ‘व्हिओ ३’ आलं आणि चित्राबरोबर आवाजही बनू लागला. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला की सिनेमा काढायला यापुढे माणसं, माती आणि कॅमेरा लागणार आहेत का?

गोरोबाकाकांची दुसरी कथा इथे उपयोगी पडते. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईनं त्यांना विचारलं, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती ते सांगा. काकांनी मडकी ठोकायचं थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारून पाहिलं. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. कुंभार मडक्याचा रंग पाहून निवाडा करत नाही, तो आवाज ऐकतो. यंत्रानं बनवलेल्या सिनेमाकडेही तसंच पाहायला हवं. चित्र किती झगझगीत आहे हे पाहून काही ठरत नाही, मारल्यावर आत कसं वाजतं ते ऐकायला हवं.

त्यासाठी हे मडकं घडतं कसं ते आधी पाहू. जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण बंद झालं की पडद्यावर मुंग्या यायच्या, ते आठवा. यंत्राला शिकवताना कोट्यवधी चित्रं आणि चित्रफिती घेतात, त्यांच्यावर थोड्याथोड्या करून अशा मुंग्या टाकतात आणि यंत्राला सांगतात, यातल्या मुंग्या ओळख आणि काढ. ही कसरत अगणित वेळा झाली की यंत्राला एक विलक्षण सवय लागते. मग त्याच्यापुढे फक्त मुंग्या ठेवल्या आणि शब्दांत वर्णन दिलं, तरी ते पायरीपायरीनं मुंग्या काढत जातं आणि आतून वर्णनाशी जुळणारं चित्र वर येतं. चित्रफितीसाठी एकापाठोपाठच्या सगळ्या चौकटी एकत्र साफ कराव्या लागतात, म्हणजे पहिल्या चौकटीतला कुंभार दहाव्या चौकटीतही तोच राहतो. यात जादू काही नाही. अफाट गणित आहे, आणि ते गणित मला खरोखर सुंदर वाटतं.

पण या गणिताला चिखल कसा दिसतो तेवढं कळतं. चिखल पायाला कसा धरून ठेवतो हे ते फक्त दिसण्यावरून ताडतं. आणि दिसणं तरी कुठलं? जे कुणीतरी आधी टिपलं आणि साठवलं, तेवढंच. इथे धाराशिवसारख्या जिल्ह्याचा प्रश्न मुंबईपेक्षा वेगळा होतो. मुंबईचा समुद्र, लोकल आणि चाळ लाखो वेळा टिपली गेली आहे. भूमची खव्याची भट्टी, येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्रातली यात्रा, परंड्याच्या किल्ल्यातल्या तोफा किती वेळा टिपल्या गेल्या? धाराशिव शहराचं नावसुद्धा २०२३ पर्यंत सरकारी कागदावर उस्मानाबाद होतं. जे कमी पाहिलं त्याच्या जागी यंत्र जास्त पाहिलेलं आणून बसवतं, कारण सरासरीकडे झुकणं हा त्याचा स्वभाव आहे. तुळजापूरच्या देवीचा गोंधळ मागितला तर दिवटी, संबळ, तुणतुणं आणि कवड्यांच्या माळा यांच्याऐवजी कुठल्याही भारतीय उत्सवातले ढोल आणि गुलाल मिळण्याची शक्यता अधिक. मंचकी निद्रेसाठी देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवतात, हे ज्यानं पाहिलेलं नाही तो स्थिर गाभाराच रंगवणार.

सिनेमात फसवणूक पहिल्यापासून आहे, मग आताच एवढी ओरड का, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप रास्त आहे. दादासाहेब फाळके स्वतः जादूगार होते. आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं ते हातचलाखीचे प्रयोग करायचे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, एका हॉटेलात स्वयंपाकाचं काम करणारा पुरुष, कारण कॅमेऱ्यापुढे यायला एकही स्त्री तयार झाली नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये १९३६ साली तुकोबांना नेणारं विमान आकाशात गेलं आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. प्रेक्षकांना विमान खोटं आहे हे माहीत होतं, तरी त्यांनी हात जोडले.

या चलाखीतही एक धागा शाबूत होता, आणि तो फाळक्यांच्याच एका छोट्या प्रयोगात सगळ्यात स्वच्छ दिसतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्या वाढीची चित्रं थोड्याथोड्या वेळानं, दिवसामागून दिवस टिपली. पडद्यावर अंकुर मिनिटभरात फुटला आणि वेल झाला. वेळ खोटा होता, वाटाणा खरा होता. तो रुजला नसता तर फाळक्यांच्या हाती काही लागलं नसतं, म्हणून त्यांना त्याची वाट पाहावी लागली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सरकारनं त्या दृश्याला कात्री लावायला सांगितली. खोटा वध खऱ्या माणसांनी खऱ्या उजेडात उभा केला होता. यंत्राच्या चित्रफितीत समोर कुणीही नसतं. वाटाणाही नसतो, आणि थापटणं मारलं की पहिला पोकळ आवाज तिथूनच येतो.

तरीही बराच सिनेमा यंत्राकडे जाणार, हे मी स्पष्ट लिहून ठेवतो. जिथे काम आधीच तुकड्यांच्या जुळणीचं झालेलं आहे तिथे यंत्र शिरलंच आहे. २०२५ मध्ये कन्नडमध्ये ‘लव्ह यू’ हा संपूर्ण चित्रपट कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनला, दिग्दर्शक एस. नरसिंहमूर्ती, खर्च सुमारे १० लाख रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिओहॉटस्टारवर ‘महाभारत: एक धर्मयुद्ध’ ही यंत्रानं घडवलेली मालिका आली. पौराणिक मालिकांमधले राजवाडे, अस्त्रं आणि ढगांतले देव गेली कित्येक वर्षं हिरव्या पडद्यापुढेच उभे राहत होते. त्यांची जागा यंत्रानं घेतली तर प्रेक्षकाला फार फरक कळणार नाही. जाहिराती, पार्श्वभूमीतली गर्दी, परभाषेतलं डबिंग यांचंही तेच होईल.

यात कळंब किंवा लोहाऱ्याच्या तरुणाचा फायदाही आहे, आणि तो मी नाकारणार नाही. समजा कुणाला नळदुर्गावर चित्रपट काढायचा आहे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात पाणीमहाल आहे. नदी भरून आली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात, आणि बंधाऱ्याच्या पोटातल्या दालनात बसून ते पाणी समोरून पडताना पाहता येतं. पण हा दुष्काळी जिल्हा. बोरी दरवर्षी तेवढी भरेलच असं नाही. निर्मात्याला पैसे मागायला जाताना तरुणाजवळ नुसते कागद असण्यापेक्षा यंत्रानं बनवलेली दोन मिनिटांची कच्ची चित्रफीत असली, तर त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल. फाळक्यांच्या वाटाण्याचं काम तेच होतं. यंत्र आराखडा काढायला वापरा, यात मला काही वावगं दिसत नाही.

काळजी वाटते ती शिडीची. मराठवाड्यातून सिनेमात गेलेली बहुतेक मुलं थेट दिग्दर्शक म्हणून गेलेली नाहीत. कुणी सेटवर चहा दिला, कुणी दिवे उचलले, कुणी गर्दीत उभा राहिला, कुणी तिसऱ्या सहायकाची वही सांभाळली. मुंबई-पुण्याच्या खोल्यांत चार जणांत एक गादी अशी वर्षं काढून त्यांना कॅमेऱ्यामागची जागा मिळाली. यंत्र आधी याच खालच्या पायऱ्या काढून घेतं. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या नटांनी ११८ दिवस संप केला, त्यात गर्दीतल्या नटांचं शरीर एकदा स्कॅन करून ते पुढे वाटेल तितक्या वेळा वापरण्याचा वाद महत्त्वाचा होता. तिथल्या नटांच्या पाठीशी ताकदवान संघटना होती. जत्रेच्या दृश्यासाठी गावातून गोळा केलेल्या शंभर माणसांच्या दिवसाच्या हजेरीसाठी संप कोण करणार?

परंड्याला लागून करमाळा तालुका. तिथल्या जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे. ‘फँड्री’ या चित्रपटासाठी त्यांना नायक जब्या हवा होता, तो सापडला केम गावात हलगी वाजवणाऱ्या सोमनाथ अवघडेमध्ये. पुढे त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटात डुकराचा पाठलाग चाललेला असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, डुक्कर मात्र निघून जातं. हा प्रसंग ज्याला सुचला त्यानं ते जगणं जवळून पाहिलेलं होतं. यंत्राला असा प्रसंग सुचणार नाही असं मी म्हणत नाही. शब्दांची उलथापालथ करताना कदाचित सुचेलही. पण सुचलेल्या हजार प्रसंगांतून हाच उचलावा हे कोण ठरवणार? आणि जब्याचा चेहरा? हजारो सुंदर चेहऱ्यांची सरासरी काढून तो चेहरा मिळाला नसता, कारण सिनेमानं तोवर त्या चेहऱ्याला आत घेतलेलंच नव्हतं. २०१६ च्या ‘सैराट’नं तर सगळ्या महाराष्ट्राच्या कानांना करमाळ्याकडची बोली शिकवली. यंत्राचा मराठी आवाज आज छापील भाषेत बोलतो. तो ‘कामून’ म्हणायला शिकेल, पण कुठल्या घरात, कुठल्या रागात, कुणी कुणाला म्हणायचं, हे शिकायला त्याला पुन्हा आपल्याच माणसांची रेकॉर्डिंग लागतील.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर थोडं त्याबद्दल. ‘लाल सलाम’ या २०२४ च्या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी शाहुल हमीद आणि बंबा बक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्या मदतीनं वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. २०२५ मध्ये आशा भोसले यांना आपल्या आवाजाची यंत्रानं होणारी नक्कल थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि न्यायालयानं त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती यंत्रानं बदललेल्या शेवटासह पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ कथेत मरणारा नायक तिथे जगतो. दिग्दर्शक आनंद राय आणि नायक धनुष दोघांनीही उघड विरोध केला, पण चित्रपट लागलाच. नामांकितांची ही गत असेल तर येरमाळ्याच्या यात्रेत गाणाऱ्या आराध्याचा आवाज कुणी उचलला तर तो कुठल्या न्यायालयात जाणार?

आता ज्या गोष्टीसाठी हे प्रकरण लिहिलं तिच्याकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली गावं झोपली होती. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, आताच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर आणि आजूबाजूची कितीतरी गावं काही क्षणांत बसली. सरकारी आकड्यांनुसार जवळपास ८ हजार माणसं गेली. भूकंप मोठा होताच, पण इतकी माणसं मेली त्याचं मोठं कारण घरांमध्ये होतं. दगडमातीच्या जाड भिंती, चुन्या-सिमेंटऐवजी नुसता चिखल, आणि वर लाकडी सर टाकून त्यावर मातीचा थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात हे घर थंड राहायचं, चोरालाही भिंत फोडता यायची नाही. धक्का बसला तेव्हा दगड सुटले आणि वरची सगळी माती झोपलेल्यांवर आली.

समजा, उद्या कुणी त्या पहाटेवर चित्रपट काढला आणि भूकंप यंत्राकडून बनवून घेतला. यंत्रानं जगभरच्या आपत्तिपटांमधले भूकंप पाहिले आहेत. ते काँक्रीटचे खांब फोडील, रस्ता दुभंगवील, काचा उडवील. पाहणाऱ्याचा श्वास अडकेल. पण माळवद कुठे असेल? माळवद नसेल तर माणसं कशानं मेली हे प्रेक्षकाला कळणारच नाही. त्या चित्रात मृत्यूचं कारणच चुकेल, आणि ज्या चुकीमुळे घरं बांधण्याची पद्धत बदलावी लागली, गावं नव्या जागी वसवावी लागली, ती चूक पुसली जाईल. त्या वेळी बातमीदारांनी टिपलेली थरथरती, फिकट रंगांची दृश्यं यंत्राच्या चित्रापुढे बिचारी दिसतील. वीस वर्षांनी एखाद्या मुलाला दोन्ही दाखवली तर तो कुठली खरी म्हणेल, याची मला खात्री नाही. ही भीती सिनेमाच्या धंद्यापेक्षा फार मोठी आहे.

म्हणून ‘यंत्र सिनेमाची जागा घेईल का’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. सिनेमा दोन गोष्टी करतो. तो गोष्ट रचतो, आणि नकळत साक्षही ठेवतो. रचनेतला मोठा वाटा यंत्र घेईल. साक्ष देण्यासाठी मात्र तिथे हजर असावं लागतं. राजकुमारांच्या ‘भक्त कुंबार’मधली भक्ती कुणाला नाटकी वाटेल, पण तो पाय, ती माती आणि १९७४ मधला तो उजेड एकदा कॅमेऱ्यासमोर होता, हे कुणाला खोडता येणार नाही. धाराशिवसारख्या जिल्ह्याची साक्ष मुळातच तुटपुंजी आहे. पडद्यावर तो फार आलाच नाही. जो आला नाही त्याची जागा यंत्र काय घेणार? ते फक्त रिकामी जागा परक्या चित्रानं भरून टाकील, आणि मग ती रिकामी होती हेही कुणाला आठवणार नाही.

आशेला जागा आहे. २०१६ मध्ये कान महोत्सवात ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट दाखवला गेला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या फिरत्या टॉकीजचे शेवटचे दिवस त्यात टिपले. रिळांचे प्रोजेक्टर गेले, डिजिटल आलं, तंबू ओस पडले. हे सगळं घडत असतानाच कुणीतरी कॅमेरा घेऊन तिथे उभं होतं, म्हणून ते आज आपल्याजवळ आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात ‘गोंधळ’ या मराठी चित्रपटासाठी संतोष डावखर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. ज्या विधीत तुळजापूरच्या आईला आवाहन केल्याशिवाय रात्र सुरू होत नाही, त्या विधीवर उभा राहिलेला हा चित्रपट.

दिवटीच्या उजेडात संबळ वाजवणाऱ्याच्या हाताला घाम येतो, आणि पहाटेपर्यंत त्याच्या काडीचा ठेका किंचित जड होत जातो. हा जडपणा टिपायला रात्रभर जागावं लागतं.

आज जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक घरात कॅमेरा असलेला फोन आहे. फाळक्यांना स्वप्नातही दिसला नसता इतका चांगला कॅमेरा. भूकंपातून वाचलेली आणि अजून पाडली न गेलेली माळवदं काही गावांत उभी आहेत. मृग लागायच्या आधी घरातलं कुणीतरी शिडी लावून वर चढतं. गाढवावरून किंवा ट्रॅक्टरमधून आणलेली पांढरी माती पसरतं, पाणी शिंपडतं आणि गळती लागू नये म्हणून ती दाबत चालतं. टाच रुतते, बोटं फाकतात. खालून नात ओरडते, आजी, जरा हळू चाल, फोन हलतोय. आजी थांबत नाही, कारण पश्चिमेला ढग भरून आले आहेत.